श्वास थांबला, नाडी चालू होती: मण्यार दंशाच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका प्राथमिक आरोग्य केंद्रातील आहे. मी तेथे वैद्यकीय अधिकारी होतो. रुग्ण मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. तिच्या आणि तिच्या पालकांच्या संमतीने मी हे लिहीत आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि घरचे काही किरकोळ तपशील बदलले आहेत. वेळा आणि उपचारांचा क्रम मात्र केसपेपरवरून जसाच्या तसा घेतला आहे.

आमच्या केंद्रात सहा खाटा होत्या. रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक परिचर असत आणि मी आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहत असे. ग्रामीण रुग्णालय २२ किलोमीटरवर आणि अतिदक्षता विभाग असलेले जिल्हा रुग्णालय ७८ किलोमीटरवर होते. वाट घाटाची आणि दिवस पावसाळ्याचे. सर्पदंशावरील लस, म्हणजे प्रतिसर्पविष, वीस कुप्या शिल्लक होती. ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर, पायाने चालवायचे सक्शन यंत्र, लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी टाकताना घशात पाहायचे दिव्याचे उपकरण) आणि एक अंबू बॅग (मास्क लावून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) एवढी श्वासाची सामग्री होती. व्हेंटिलेटर नव्हता आणि अशा केंद्रात तो असतही नाही.

मण्यारीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय या सापाच्या विषाच्या स्वभावावर अवलंबून होते. भारतात दिली जाणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. त्यांपैकी घोणस आणि फुरसे चावले की जागा सुजते, ठणकते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे काहीतरी चावले हे कोणाच्याही लक्षात येते. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री फिरते, उंदीर आणि लहान सापांच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक असल्याने खूण जवळजवळ दिसत नाही, सूज येत नाही, वेदनाही होत नाही. झोपमोड होते ती पुष्कळदा पोटदुखीने. तिचे विष मज्जातंतूंची स्नायूंशी जोडलेली टोके निकामी करते. आधी पापण्या खाली येतात, मग गिळता येत नाही, मान धरवत नाही आणि शेवटी छाती हलवणारे स्नायू थांबतात. हृदय आणि मेंदू या वेळी शाबूत असतात. थांबतो तो फक्त श्वास. तो बाहेरून चालू ठेवला नाही, तर काही मिनिटांत बाकीचेही संपते.

घटनेची सुरुवात

ऑगस्टच्या अखेरीची रात्र होती. मुलगी आईजवळ जमिनीवर गोधडी टाकून झोपली होती. अडीचच्या सुमारास ती पोटात कळा येतात म्हणून उठली आणि तिला एक उलटी झाली. रात्रीच्या जेवणात सकाळची आमटी होती. त्यामुळे ती बाधली असावी असे समजून आईने ओवा आणि गरम पाणी दिले. त्यात आईची काहीही चूक नव्हती. तशा वेळी मीही कदाचित तेच केले असते.

पावणेपाचला मुलगी म्हणाली, "आई, डोळे उघडत नाहीत." झोप पुरी झाली नसेल असे घरच्यांना वाटले. थोड्याच वेळात तिचा आवाज नाकातून येऊ लागला आणि प्यायलेले पाणी नाकावाटे परत आले. तेव्हा घाबरून चुलत्यांनी शेजाऱ्याची जीप काढली. पाच पस्तीसला ते केंद्रात पोहोचले.

समस्या

मी तपासले तेव्हा मुलगी शुद्धीवर होती. नाडी मिनिटाला ११८, रक्तदाब १३०/८०, ऑक्सिजनचे प्रमाण ९१ टक्के. पापण्या अर्ध्याहून खाली उतरल्या होत्या आणि तोंडाच्या कडेने लाळ गळत होती. उशीवरून मान उचलायला सांगितले, ती उचलता आली नाही. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. निरोगी मुलगी तीसपर्यंत सहज जाईल, ही सातवर थांबली.

चावल्याची खूण सापडेना. आईने ठामपणे सांगितले की काही चावलेले नाही. मुलीच्या धाकट्या भावाने मात्र दोन दिवसांपूर्वी चुलीमागच्या लाकडांत काळा, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांचा साप पाहिल्याचे सांगितले. पहाटेची पोटदुखी, पापण्यांचे उतरणे, पावसाळा, जमिनीवरची झोप आणि हे वर्णन एकत्र ठेवले, तर दुसरे निदान सुचण्यासारखे नव्हते. तरीही मी थांबलो. दंशाचा पुरावा नसताना लस द्यावी का, या शंकेपोटी रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी लावली आणि तोवर सिस्टरसह अंगावर खूण शोधत राहिलो. पाच पंचेचाळीसला काचेच्या नळीत रक्त घेतले, सहा पाचला नळी तिरकी करून पाहिले, रक्त व्यवस्थित गोठले होते. मण्यारीच्या विषाने ते बिघडत नाहीच. म्हणजे या चाचणीने मला जे सांगितले, ते मला आधीच माहीत असायला हवे होते.

सहा आठला दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. ॲलर्जी झाली तर हाताशी असावे म्हणून अर्धा मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवले. सहा चौदाला मुलीच्या छातीची हालचाल उथळ होत थांबली. ओठ निळसर पडू लागले. परिचर दारात उभे होते, त्यांच्या तोंडून निघून गेले, "गेली हो पोरगी." मी मानेवर बोटे ठेवली. नाडी लागत होती, जलद आणि भरीव.

समोर असलेले पर्याय

पहिला निर्णय छाती दाबण्याचा होता. प्रशिक्षित माणसाने नाडी तपासायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये, आणि नाडी स्पष्ट लागत असेल तर छाती न दाबता फक्त श्वास द्यावा, असा नियम आहे. येथे शंकेला जागा नव्हती, म्हणून छाती दाबली नाही. हा नियम आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे, हे येथेच स्पष्ट करतो. घरी किंवा रस्त्यात कोणी निपचित पडले असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर सामान्य माणसाने नाडी शोधण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली जाईल असे दाबायला सुरुवात करावी. शिकलेले असेल तर दर तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत.

दुसरा निर्णय श्वासनलिकेत नळी टाकण्याचा होता. नळी पडली की लाळ किंवा उलटी फुफ्फुसात जाण्याची भीती कमी होते आणि लांबचा प्रवास सोपा होतो. परंतु मी शेवटची नळी टाकली त्याला वर्ष उलटून गेले होते. केंद्रातील लॅरिंगोस्कोपचा दिवा मिणमिणत होता. प्रयत्न फसला तर प्रत्येक फेरीत मुलीचा श्वास अर्धा-एक मिनिट बंद राहणार होता. दुसरीकडे मास्कने श्वास नीट जात असेल तर जीव वाचवायला तेवढेही पुरते. मी मास्कवर राहायचे ठरवले. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. ज्याचा हात बसलेला आहे त्याने नळी जरूर टाकावी. ज्याचा नाही त्याने मास्क घट्ट धरावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

तिसरा निर्णय कोठे न्यायचे याचा होता. ग्रामीण रुग्णालयात व्हेंटिलेटर चालू स्थितीत नव्हता. जिल्हा रुग्णालयात होता, पण तेथवर अडीच तास मास्क धरून जाणे धोक्याचे होते. केंद्रातच ठेवून लसीचा परिणाम होण्याची वाट पाहावी, असेही एक मत निघाले. ते मी नाकारले, कारण मण्यारीचे विष एकदा मज्जातंतूच्या टोकात शिरले की लस ते बाहेर काढू शकत नाही. लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. निकामी झालेली टोके पुन्हा तयार व्हायला काही दिवस जातात, आणि तेवढे दिवस दुसऱ्या कोणीतरी श्वास देणे हाच मुख्य उपचार असतो. म्हणून मी ग्रामीण रुग्णालयाला फोन केला. तेथील भूलतज्ज्ञ आवारातच राहत होते. त्यांनी फाटकाशी उभे राहून रुग्णवाहिकेतच नळी टाकून देण्याचे मान्य केले. वाट एकच होती, म्हणून थांबा घेतल्याने फार वेळ जाणार नव्हता.

केलेली कार्यवाही

मास्क लावला आणि पहिल्याच दाबाला हवा गालांजवळून फुसकन बाहेर गेली. छाती उठली नाही. मास्कची रबरी कड बसलेली होती, तिच्यातली हवा कधीतरी निघून गेली होती आणि कोणी पाहिले नव्हते. सिस्टरनी वीस मिलीच्या सिरिंजने कडेच्या झडपेतून हवा भरली. तोवर मी तोंडातली लाळ सक्शनने काढली, हनुवटी उचलून मान मागे केली आणि जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात वायुमार्गाची वाकडी नळी बसवली. मग मी दोन्ही हातांनी मास्क धरला आणि सिस्टरनी बॅग दाबली. दोघांनी मिळून केले तेव्हा छाती उठली. ऑक्सिजनचे प्रमाण ७४ पर्यंत उतरले होते, ते दोन मिनिटांत ९७ वर आले.

एकट्याने एका हाताने मास्क धरून दुसऱ्या हाताने बॅग दाबण्याची चित्रे पुस्तकांत असतात. ज्यांना रोजचा सराव नाही त्यांच्याकडून ते क्वचितच नीट होते. दोन माणसे उपलब्ध असतील तर एकाने फक्त मास्क सांभाळावा, हे त्या पहाटे मी प्रत्यक्ष पाहिले.

पुढची अडचण वेगाची होती. घाबरलेला हात बॅग भराभर दाबतो. सिस्टर मिनिटाला तीसच्या वेगाने दाबत होत्या आणि मुलीचे पोट फुगू लागले होते. जास्त हवा जठरात गेली की उलटी होते आणि ती फुफ्फुसात उतरू शकते. दर सहा सेकंदांना एक श्वास, तोही छाती जेमतेम उठेल एवढाच, पुरेसा असतो. मोठ्यांच्या बॅगेत सुमारे दीड लिटर हवा मावते आणि द्यायची असते ती अर्ध्या लिटरच्या आसपास, म्हणून बॅग पूर्ण दाबायचीच नसते. मी मोठ्याने आकडे म्हणायला सांगितले: एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. त्यानंतर वेग ताळ्यावर आला.

१०८ ला फोन सहा सोळाला गेला आणि रुग्णवाहिका सहा अडतीसला आली. तोवर ॲट्रोपीन देऊन निओस्टिग्मीनचे, म्हणजे मज्जातंतूचा संदेश स्नायूंपर्यंत पोहोचायला मदत करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन दिले, परंतु पापण्या हलल्या नाहीत. नागाच्या दंशात या औषधाचा उपयोग पुष्कळदा दिसतो, मण्यारीच्या दंशात तो सहसा दिसत नाही.

निघण्यापूर्वी ऑक्सिजनचा हिशेब केला. रुग्णवाहिकेतील लहान सिलिंडर भरलेला असताना साधारण १५०० लिटरचा असतो आणि त्याचा काटा निम्म्यावर होता. मिनिटाला दहा लिटर सोडले तर तो पंचाहत्तर मिनिटांत संपणार होता. आम्ही केंद्राचा सिलिंडरही बरोबर घेतला आणि प्रवाह पाच लिटरवर आणला. ऑक्सिजन पूर्ण संपला असता तरी बॅग दाबत राहणे आवश्यक आणि उपयोगी होते, कारण मुलीची फुफ्फुसे निरोगी होती आणि तिला कमी होती ती हवा आत-बाहेर करणाऱ्या बळाची. साध्या हवेनेही तिचा निभाव लागला असता. हे मी बरोबरच्या सर्वांना मुद्दाम सांगितले, नाहीतर सिलिंडर संपला की माणसे हातही थांबवतात.

गाडीत मी, १०८ च्या डॉक्टर, पायलट (म्हणजे चालक) आणि मुलीचे चुलते एवढेच होतो. सिस्टरना केंद्र सोडता येत नव्हते. घाटात गाडी हेलकावे खात असताना मास्कला दोन हात, बॅगेला एक, लसीच्या सलाईनला एक असे हात वाटावे लागले आणि ते कमी पडले. मी चुलत्यांना बॅग दाबायला शिकवली. ते शेतकरी, हात राठ, आयुष्यात असे काही हाताळलेले नाही. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी ते बरोबर आत्मसात केले आणि ग्रामीण रुग्णालय येईपर्यंत न थांबता आकडे मोजत राहिले.

सात वीसला तेथे पोहोचलो. भूलतज्ज्ञ छत्री घेऊन फाटकाशी उभे होते. त्यांनी पहिल्याच प्रयत्नात नळी टाकली, छातीच्या दोन्ही बाजू आणि पोट ऐकून ती योग्य जागी असल्याची खात्री केली. सात बत्तीसला आम्ही पुढे निघालो. नऊ दहाला अतिदक्षता विभागात मुलगी व्हेंटिलेटरवर गेली. सहा चौदापासून तोवर चार माणसांच्या हातांनी तिला सतराशेहून अधिक श्वास दिले होते.

संदर्भचिठ्ठीवर मी ठळक अक्षरांत लिहिले होते: "मण्यार दंशाचा संशय. पूर्ण लकवा. रुग्ण आतून जागी असू शकते. डोळ्यांच्या बाहुल्यांवरून मेंदूविषयी निष्कर्ष काढू नये."

परिणाम

ही चिठ्ठी उपयोगी पडली. दुपारी तपासणी झाली तेव्हा मुलीच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि प्रकाशाला प्रतिसाद देत नव्हत्या. एकही स्नायू हलत नव्हता, कोणतीही प्रतिक्षिप्त क्रिया मिळत नव्हती. अन्य कारणाने बेशुद्ध झालेल्या रुग्णात अशी लक्षणे मेंदू मृत झाल्याकडे बोट दाखवतात. घरी न्यायचे का, अशी चर्चा नातेवाइकांत सुरूही झाली होती. तेथील वरिष्ठ फिजिशियननी चिठ्ठी वाचून, मण्यारीच्या विषाने नेमके हेच होते आणि ते भरून निघते, हे कुटुंबाला समजावले. लसीच्या आणखी दहा कुप्या दिल्या आणि व्हेंटिलेटर चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. सहाव्या दिवशी नळी निघाली. अकराव्या दिवशी मुलगी चालत घरी गेली.

महिनाभराने ती आईबरोबर केंद्रात आली तेव्हा तिने जे सांगितले, ते मी या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची नोंद मानतो. तिला बहुतेक सगळे ऐकू येत होते. परिचरांचे वाक्य तिने ऐकले होते. गाडीत काका मोजताना मधेच चारवर दाबायचे आणि मग स्वतःलाच रागावायचे, हे तिला आठवत होते. आपण जिवंत आहोत हे त्या आकड्यांवरून कळत होते, असे ती म्हणाली. घशात नळी जाताना झालेली वेदनाही तिला आठवत होती.

काय वेगळे करता आले असते

वीस मिनिटांच्या चाचणीसाठी लस थांबवायला नको होती. पापण्या उतरलेल्या आणि मान न धरणाऱ्या रुग्णात लकव्याची लक्षणे हाच लस सुरू करण्याचा पुरेसा आधार असतो. खूण सापडली नाही तरी तो बदलत नाही. वीस मिनिटे आधी लस दिली असती तर श्वास थांबला नसता, असा दावा मी करणार नाही. तोवर तीन तास उलटले होते आणि बरेच विष आपले काम करून गेले होते. परंतु ती वीस मिनिटे मी चाचणीवर नजर ठेवून घालवली आणि १०८ ला फोन केला नाही, ही उघड चूक होती. आकडे सातवर थांबले तेव्हाच श्वास बंद पडणार हे दिसत होते. गाडी तेव्हाच बोलावली असती तर ती श्वास थांबण्याच्या वेळेपर्यंत दारात आली असती.

झोपेचे औषध न देता नळी टाकली गेली, याचे मला फार वाईट वाटते. स्नायू पूर्ण सैल असल्याने औषधाशिवाय नळी सहज पडते, आणि म्हणूनच ते द्यायचे राहून जाते. मिडॅझोलम हे झोपेचे औषध पेटीत होते. मीच चिठ्ठीवर "आतून जागी असू शकते" असे लिहिले होते आणि तरीही नळीच्या वेळी मला ते सुचले नाही.

तिच्याशी कोणी थेट बोलले नाही, हीही उणीव होती. आम्ही आपसात बोलत होतो, तिच्याविषयी बोलत होतो. "बाळ, तुला लकवा आलाय, तो जाणार आहे, श्वास आम्ही देतोय," एवढे सांगायला काही लागत नव्हते.

मास्कच्या बसलेल्या कडेची जबाबदारी माझी होती. यंत्रांची तपासणी नोंदवहीत दरमहा होत असे, म्हणजे "अंबू बॅग: आहे" अशी खूण केली जाई. ती चेहऱ्यावर धरून कोणी पाहत नव्हते.

केंद्रात झालेले बदल

आता अंबू बॅग कपाटात न ठेवता खाटेशेजारच्या खुंटीवर असते आणि दर सोमवारी रात्रपाळीचे कर्मचारी एकमेकांच्या हातावर मास्क दाबून तिची हवा तपासतात. लॅरिंगोस्कोपच्या बॅटऱ्या त्याच दिवशी पाहिल्या जातात. परिचरांसह सर्वांनी दोघांनी मिळून श्वास देण्याचा सराव केला आहे. पावसाळ्यापूर्वीच्या आशा ताईंच्या बैठकीत पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या ही जोडी आवर्जून सांगितली जाते. जमिनीवर झोपावे लागत असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावे, हेही सांगितले जाते. त्याने साप सहसा अंथरुणात येत नाही.

अंतराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ७८ किलोमीटर आजही ७८ च आहेत, आणि ग्रामीण रुग्णालयात चालू व्हेंटिलेटर व तो चोवीस तास सांभाळणारी माणसे मिळावीत यासाठी पाठवलेल्या प्रस्तावाला हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. तोवर आमच्याकडून मण्यार दंशाचा रुग्ण पाठवताना गाडीत किमान तीन जोड हात बसवले जातात, त्यांपैकी एक बहुतेक वेळा नातेवाइकाचा असतो, आणि गाडी निघण्यापूर्वी त्याच्याकडून दहा श्वास मोजून घेतले जातात.